सासूचं सोनं काट्यावर घालत नाहीत

शुइबेई, शेनझेन

प्रिय आहोंग,

सर्वांत आधी अभिनंदन. आज तुझी सोयरीक पक्की व्हायची. दाराला लाल कागद लागले असतील, ताटात संत्री जोडीजोडीने रचली असतील, आणि तू वर तिसऱ्या मजल्यावर आरशासमोर उभा राहून केसांना पाणी लावत असशील. पाहुणे दहाला येणार, म्हणजे तुझ्याकडे अजून वेळ आहे. हे पत्र तुझ्या आईने तुझ्या हातात दिलं याचं नवल वाटलं असेल. तिचा नि माझा आता काय संबंध, असंही मनात आलं असेल. सांगते. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे बरंच साचलंय, आणि त्यातलं बहुतेक तुझ्याबद्दलच आहे. तेव्हा खाली बस. पेज गार झाली तर होऊ दे.

तुला आठवतं, एकोणीस साली तू इथे शुइबेईच्या सोनेबाजारात हिऱ्यांचं दुकान थाटलंस? पांढऱ्या काचा, पांढरे दिवे, पांढरे हातमोजे घातलेल्या दोन मुली. माझ्या बाबांना तू मुद्दाम दाखवायला बोलावलंस. चाळीस वर्षं फुंकणी धरून ओठाला घट्टा पडलेला माणूस तो, सगळा बाजार त्यांना वेंग मास्तर म्हणायचा, आणि ते आपले चपला बाहेर काढून आत आले. तू म्हणालास, "मास्तर, पिवळं संपलं आता. आमच्या वयाच्या पोरी सोनं बघून नाक मुरडतात. म्हणतात, हे घालून काय भाजी विकायला बसायचंय?" बाबा हसले. तू तेवढ्यावर थांबला नाहीस. "तुमची ती ड्रॅगनची जाडजूड कडी म्हाताऱ्या बायकांबरोबरच जाणार. वाईट वाटून घेऊ नका हं." मीही हसले होते. त्याची मला अजून लाज वाटते. तेव्हा मी इतकी आंधळी होते की तू सांगितलं असतंस तर बाबांनी शिकवलेली हातोडी टाकून ते पांढरे हातमोजे चढवले असते.

आणि आता बघ. साथ काय आली, लोकांची नजरच बदलून गेली. तीन वर्षं दारं बंद, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घराचा भाव निम्मा झाला, बँकेत ठेवलेल्या पैशाला व्याज नाही. मग माणसाला मुठीत धरता येईल असं काहीतरी हवंसं झालं. ज्या पोरी नाक मुरडायच्या त्याच आता पगार झाला की एक ग्रामचा सोन्याचा दाणा घेऊन जातात, काचेच्या छोट्या बाटलीत टाकतात आणि कानाशी हलवून आवाज ऐकतात. नवरा घेईल, सासू देईल, याची वाट बघत कुणी बसत नाही. परवा एकजण मला म्हणाली, "ताई, नवरा काय, आज आहे उद्या नाही. बाटली माझी आहे." तूही हल्ली तेच दाणे विकतोस ना? मोबाइलसमोर लाल कोट घालून, "ताईंनो, सोनं कधी दगा देत नाही" असं ओरडत? मी पाहते अधूनमधून. फार छान बोलतोस. तुझ्या बोलण्यावर भाळणारी मी पहिली, त्यामुळे मला त्यातलं कळतं.

बाबांची ती म्हाताऱ्यांची कडी आता मुली मोबाइलमध्ये फोटो दाखवून मागतात. चकचकीत कुणाला नको. हाताने ठोकलेलं, देवळातल्या जुन्या समईसारखं मंद पिवळं हवं. मोठ्या दुकानांतही शिरत नाहीत, कारण तिथे काचेआड अख्ख्या दागिन्याला एकच किंमत लावलेली असते आणि वजन कुठे बारीक अक्षरात. त्या आमच्याकडे येतात. एका हॉलमध्ये साठ टेबलं, माझं सत्तावीस नंबरचं, नावाची पाटीसुद्धा नाही. घरचं जुनं सोनं रुमालातून काढतात, ते वितळवून नवं घडवून हवं असतं. आधी काटा, मग आग, मग पुन्हा काटा, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत. वर माझा कॅमेरा, समोर त्यांचा मोबाइल. रागावत नाही कुणी. पूर्वी वजन बघू म्हटलं तर सोनार तोंड फिरवायचे. आता वजन दाखवलं नाही तर गिऱ्हाईक तोंड फिरवतं. हिऱ्याच्या अंगठ्याही येतात. धातू तोलून घेते आणि खडा उचकटून कागदाच्या पुडीत बांधून परत देते, कारण होनान प्रांतातल्या कारखान्यांतून कृत्रिम हिरे आता शेंगदाण्यासारखे पोत्याने निघतात, जुना कोण घेणार? मागच्या महिन्यात एक बाई ती पुडी हातात धरून बराच वेळ उभी होती. म्हणाली, "याचं मी काय करू?" मी म्हटलं, "ठेवा घरी, दिसायला सुंदर आहे." पावती तुझ्या दुकानाची होती.

हे सगळं तुला का सांगते आहे? कारण याच बदललेल्या आवडीनिवडीने तुझा घात केला, आणि तुला अजून त्याचा पत्ता नाही. पण आधी आपली सोयरीक झाली तो दिवस आठव. म्हणजे तुला आठवतोच, पण माझ्या बाजूने तो कसा होता हे तुला कधी कुणी सांगितलेलं नाही.

आपल्या छाओशान भागात सासू सुनेला चार डाग देते: अंगठी, कानातली, हार आणि कड्यांची जोडी. घराचे चार कोपरे म्हणतात त्यांना. सून त्यांच्यावर उभी राहते. आणि सासूचं सोनं काट्यावर घालत नाहीत. वजन विचारायचं नाही, विचारल्याचा संशयही येऊ द्यायचा नाही. तोललं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकल्यासारखं. हे मला बाबांनी लहानपणी सांगितलं होतं, तुला तुझ्या आईने. त्या दिवशी तुझ्या आईने लाल पेटी दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली. झाकण लावलेलं होतं, वर लाल फीत, तूच बांधून आणली होतीस. सगळे चहा प्यायले, हसले, पाहुणे गेले. मग मी खोलीत जाऊन पेटी उघडली. कडं उचललं आणि माझा हात वर उडाला. भरलेली घागर समजून उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसा. दहा वर्षांची असल्यापासून मी सोनं हाताळते आहे, मला काटा कशाला लागतोय? ती कडी आतून पोकळ होती. सोनं खरं होतं, पण अंड्याच्या टरफलाएवढं जाड. हार पोकळ, कानातली पोकळ, अंगठीसुद्धा.

बाबांनी एक कडं दोन बोटांत धरलं, परत ठेवलं आणि झाकण लावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "शू घराण्याने आपली किंमत केली. कारागिराची मुलगी, तिला एवढं पुरे, असं वाटलं त्यांना. पेटी परत पाठव. कारण सांगायचं नाही. सासूचं सोनं तोलणारे म्हणून आपलं नाव व्हायला नको." सोयरीक जुळवणाऱ्या आत्यांच्या हातून आम्ही पेटी परत केली आणि तोंडातून ब्र काढला नाही. तुला ते पक्कं ठाऊक होतं ना? कारण सांगितलं असतं तर आम्ही सोनं तोललं असं झालं असतं. नाही सांगितलं तर आम्ही हावरट ठरणार. तू आठ दिवस थांबलास आणि मग बाजारात बोलायला लागलास. "वेंग मास्तरला सोनं कमी पडलं हो. पोरगी द्यायची म्हणजे मोबदला पाहिजे त्याला." किती सोपं होतं! त्यात साथ आली, दुकानं बंद झाली. उघडली तेव्हा बाबांच्या जुन्या दुकानदारांनी त्यांना काम पाठवणं बंद केलं होतं. कुणी कारण सांगितलं नाही. बाबाही विचारायला गेले नाहीत. रोज सकाळी ऐरण पुसून ठेवायचे आणि तिच्यासमोर बसून राहायचे. एकवीस सालच्या हिवाळ्यात हृदयविकाराने गेले. पोचवायला आम्ही चौघंच होतो, चौघांच्या तोंडाला मास्क. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी मला विचारलं, "आचिन, त्या घराला आपण नक्की कुठे कमी पडलो गं?" मी तुझ्या आईला शिव्या दिल्या, मनातल्या मनात, पाच वर्षं, न चुकता. ती बाई बिचारी निरपराध होती. हे तुझं माझ्यावरचं सर्वांत मोठं पाप आहे आहोंग, तू मला माझा सगळा तिरस्कार चुकीच्या माणसावर खर्च करायला लावलास.

आता तीन आठवड्यांपूर्वीचं सांगते. जागचा उठू नकोस, हे तुझ्याच कामाचं आहे. सकाळी अकराच्या सुमाराला एक म्हातारी टेबलाशी आली. तोंडाला मास्क, हातात छत्री, कापडी पिशवीत चार संत्री आणि एक पेटी. केस कापल्यावर आणि मास्क लावल्यावर मला माझी आईसुद्धा ओळखणार नाही, आणि तुझ्या आईने मला जन्मात दोनदा पाहिलेलं. म्हणाली, "मुली, मुलाचं लग्न ठरलंय. सुनेला चकचकीत आवडत नाही, हे जुन्या पद्धतीचं मंद मंद आवडतं. माझ्या सासूने मला दिलेलं सोनं आहे, भरीव आहे, त्याचं तसं घडवून देशील? मुलाला सांगितलेलं नाही. तो म्हणतो, आहे तशी पेटीबंद दे, उघडूसुद्धा नकोस. पुरुषांना काय कळतंय फॅशनमधलं?" मी म्हटलं, आधी वजन करू. ती गडबडली. "सासूचं सोनं काट्यावर..." म्हणाली, मग स्वतःच हसली. "बरं बरं, आता सगळ्या तसंच करतात म्हणे. कर बाई."

चारही डाग ठेवले. अकरा ग्राम चाळीस. तिने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुझा काटा उपाशी आहे का गं? ते ब्याऐंशी आहे." शेजारच्या टेबलावर तोललं. अकरा चाळीस. तिच्या परवानगीने मी एक कडं कात्रीने कापलं. करकर आवाज झाला आणि आत पोकळी, दुसरं काही नाही. त्या क्षणापर्यंत मीही तिला ओळखलं नव्हतं. मग मी कापलेला तुकडा उलटा केला आणि ड्रॅगनची एक मिशी तुटलेली दिसली. ती मिशी मी पाच वर्षांपूर्वी खोलीत बसून बोटाने चाचपली होती. तुझ्या आईचंही बोट तिथेच गेलं. "ही मिशी माझ्या लग्नाच्या दिवशी तुटली, दारात अडकून," ती म्हणाली. "हे माझंच कडं आहे. आणि माझं नाहीही. असं कसं?" मी तिला समजावलं, मावशी, खऱ्या कड्यावरून साचा घेतला की त्यातली खोटसुद्धा जशीच्या तशी उतरते. साचा घ्यायचा तर खरं कडं हातात लागतं. तुम्ही ते कुणाच्या हातात दिलं होतंत?

तिला उत्तर शोधावं लागलं नाही. सोयरिकीच्या पंधरा दिवस आधी कोण म्हणालं होतं, आई, शुइबेईत पॉलिश करून आणतो, नवंकोरं दिसेल? ती खाली स्टुलावर बसली. पिशवीतलं एक संत्रं काढलं, मास्क हनुवटीखाली ओढला, संत्रं अगदी सावकाश सोललं आणि एक एक फोड करत सगळं खाल्लं. मग तिने मास्क काढला, मीही काढला. "तू मास्तरांची मुलगी ना?" म्हणाली. "पेटी परत आली ती मी उघडलीही नाही गं. मला वाटलं, तुम्हाला आमचं सोनं पुरलं नाही. पाच वर्षं कपाटात तोंड न बघता ठेवली." मग विचारलं, "तुझे वडील कुठे भेटतील? मला त्यांची क्षमा मागायची आहे." मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. तिने माझ्याच किटलीतून तीन कप चहा ओतला, फोटोसमोर ठेवला आणि वाकली. "व्याहीबुवा," म्हणाली, "तुमच्यात काही कमी नव्हतं. चोर माझ्या घरात होता." हे वाक्य ऐकायला माणूस जिवंत हवा होता, आहोंग. तीन वर्षांचाच उशीर झाला.

चोरलेल्या त्या सत्तर ग्राम सोन्याचे तू हिरे घेतलेस, हेही आम्ही दोघींनी मिळून ताडलं. तेच हिरे आता पुड्यांत बांधून मी लोकांना परत देते. याचा मला आनंद होतो का? होतो. खूप होतो. चांगल्या मनाची बाई असते तर लपवलं असतं.

मी तेव्हाच तुला फोन लावणार होते. तुझ्या आईने माझा हात धरला. "नको. फोन केलास तर तो धावत येईल आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडेल. माझ्या पोटचा आहे, मला ठाऊक आहे. तो रडला की मी विरघळते, लहानपणापासून. त्याला आधी कळता कामा नये." तीन आठवडे ती दर रविवारी माझ्याकडे येते आहे. आम्ही भाजी निवडतो, तुझ्याबद्दल बोलतो. तू ताप आला की जिऱ्याएवढी गोळीसुद्धा दोन तुकडे करून घ्यायचास, हे मला नव्याने कळलं. तुझ्या होणाऱ्या बायकोबद्दल, म्याओयुनबद्दलही बोलतो. पोरगी सरळ आहे, तिच्या वडिलांनी तीन दुकानांतलं एक तुझ्या नावाने करायचं ठरवलंय, आणि लग्नानंतर तिची सोन्याच्या दाण्यांची बाटली, चार वर्षांची कमाई, तुझ्याच तिजोरीत जाणार आहे. तुझी आई म्हणाली, "एका मुलीला मी नकळत पोकळ कोपरे दिले. दुसरीला जाणूनबुजून देणार नाही." तुझ्यासमोर हे बोलायची तिच्यात ताकद नाही. तुझ्यामागे आहे.

आता शेवटचं. एवढं लांबलचक पत्र लिहायचं काही कारण नव्हतं. "चोरा, पकडला गेलास" एवढ्यानेही भागलं असतं. पण मी तुला ओळखते. स्वतःबद्दल लिहिलेलं तू कधी अर्धवट सोडत नाहीस, आणि पुढे आपल्याला कुठे निसटता येईल हे शोधत शेवटच्या ओळीपर्यंत येतोस. तुझ्या आईला तेवढाच वेळ हवा होता, तू वर आणि ती खाली, असा. म्याओयुनच्या घरच्यांना तिने दहाची वेळ दिलेलीच नाही, साडेआठची दिली आहे. तू पहिली ओळ वाचत होतास तेव्हा ते खाली चपला काढत होते. सोयरीक जुळवणाऱ्या आत्या आल्या आहेत, शुइबेईतले चार जुने दुकानदारही आले आहेत, ज्यांच्यापाशी तू माझ्या बाबांबद्दल बोलला होतास, आणि त्यांच्यासमोर ताटात ते कापलेलं कडं ठेवलेलं आहे. मीही तिथेच बसले आहे. आत्तापर्यंत तुझ्या आईचं सांगून झालं असेल. आता खाली ये, सगळे तुझीच वाट बघताहेत.

तुझी नव्हे, वेंग मास्तरांचीच,
सुइचिन